कागदाची मागची बाजू

मी एक जुनी तक्रारपेटी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, माझा कुणावर विश्वास नाही. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण आधी मागे वळून बघतो. अशांवर कोण विश्वास ठेवील?

गोव्यातल्या पेडण्याच्या सुताराने मला फणसाच्या लाकडातून घडवले. शाळेच्या शिक्षिका विमलाबाईंनी मला व्हरांड्यात टांगले. लाजऱ्या आयांनाही मनातले सांगता यावे, म्हणून नाव लिहायचे नाही. हेतू सोन्यासारखा होता हो! पहिल्याच वर्षी शाळेचा नळ दुरुस्त झाला आणि माझे फार कौतुक झाले. पण हळूहळू लोक तोंडावर बोलेनासे झाले. पूर्वी कडाकडा भांडून संध्याकाळी एकत्र हसणाऱ्या बायका आता गोड बोलून चिठ्ठी टाकू लागल्या.

मग ती चिठ्ठी आली. 'शेवंतामावशी उरलेले पाव पदरात बांधून नेते.' शेवंता कोल्हापूरकडची, नवरा केरबा मोपाला विमानतळाच्या बांधकामावर. ती शाळेत दुपारी मुलांना भाजी-पाव वाढायची. पालक समितीने चिठ्ठी फळ्यावर टाचली आणि तिला कामावरून काढायला सभा बोलावली.

गावाला चिंता वेगळीच, लिहिले कुणी? तीस वर्षे सारा गाव विमलाबाईंच्याच हाताखाली शिकलेला. चाळिशीच्या धाकूपासून पोरांपर्यंत अक्षराचे वळण एकच. धाकूचा संशय विनोदिनीवर, विनोदिनीचा गौरेशवर. चिठ्ठी पडताना बांगड्या वाजल्या होत्या, म्हणून मीही विनोदिनीवरच डूख धरला.

सभेत शेवंता उभी राहिली. "मला लिवाय येत न्हाई, बाई. ज्यानं लिवलंय त्यानं तोंडावर बोलावं. व्हय, नेते मी पाव. न्हाईतर कुत्र्यापुढंच जात्यात."

विमलाबाईंनी अक्षर वह्यांशी ताडून बघायला टाचणी काढली आणि कागद उलटला. मागे लिहिले होते, 'पदर तेलकट होतो. तिला एक डबा द्या.'

विनोदिनीची चौथीतली सेजल रडवेली होऊन उठली. "बाई, ती मी लिहिली. तुम्हीच सांगितलंत ना, नाव घालायचं नाही म्हणून?"

बाई खाली बसल्या. शेवंताचे काम राहिले. समितीने तिला नवा डबा दिला. तो आजही खिळ्याला टांगलेला आहे, रिकामा. उरलेले पाव ती सगळ्यांदेखत कुत्र्यांना घालते.

आता मला कुणी उघडत नाही. फटीत कोळ्याने जाळे केले आहे. मित्रांनो, मला पुसा अथवा पुसू नका, पण चिठ्ठी टाकलीत तर खाली नाव घाला. आणि दुसऱ्याची वाचलीत, तर कागद उलटून बघा. मीसुद्धा बघितला नव्हता.