उंबऱ्याची झीज

तिसऱ्या लाथेलाही दार मोडले नाही. लाथ मारणारा धिप्पाड नट स्वतःच मागे कोलमडला आणि रंगमंचावर बसून पाऊल चोळू लागला. त्याच्यामागे खोट्या मशाली धरून उभा असलेला जमाव, म्हणजे आणखी आठ नट, आधी त्याच्याकडे आणि मग दाराकडे पाहत राहिला, आणि मग सगळेच हसू लागले. दार जागचे हलले नव्हते. बिजागरीसुद्धा कुरकुरली नव्हती.

"हे दार कोणी केलं?" अंधाऱ्या प्रेक्षागृहातून दिग्दर्शिकेने इंग्रजीत विचारले.

विंगेत उभ्या असलेल्या सुदाम गायसमुद्रेला एवढे इंग्रजी कळत होते. प्रश्न ऐकून त्याची छाती किंचित फुगली. त्याच्या शेजारच्या जेरोम तुस्कानोने मात्र कपाळाला हात लावला. वसईचा जेरोम कतारमधल्या लुसैलच्या या नाट्यगृहात रंगमंच व्यवस्थापक होता. अमेरिकेहून आलेल्या नाटक मंडळीचे नेपथ्य इथल्या इथे उभे करून देणे हे त्याचे काम, आणि सुदाम हा त्याने कंपनीकडून हट्टाने मागून घेतलेला सुतार.

"सुदाम, मी तुला काय सांगितलं होतं? तुटणारं दार पाहिजे!"

"दार करा म्हणलाव सर. तुटणारं म्हणलाव ते मागून. तवर माझ्या फळ्यांच्या टोकाच्या कुसा खाचेत बसल्या होत्या."

"मग काढ ना त्या कुसा."

"बसलेली कूस निघत नसती. निघली तर ती कूसच न्हाई."

कुशल कारागीर अबोल असतो असे लिहिण्याची आपल्याकडे एक पद्धत पडून गेली आहे. सुदामच्या बाबतीत ती साफ चुकीची ठरते. त्याचे तोंड रंध्यापेक्षा जास्त चाले. लातूरच्या आयटीआयमध्ये सुतारकाम शिकताना त्याने मास्तरांशी वाद घातला होता, आणि कतारमध्ये आल्यापासून सोळा वर्षे त्याने एकाही नकाशाला मुकाट्याने मान डोलावली नव्हती. पण या सोळा वर्षांत त्याने केले काय, तर प्रदर्शनांतले गाळे, मॉलमधले काउंटर आणि चार दिवसांनी उखडायच्या कमानी. प्लायवूड, स्क्रू आणि वरून रंग. चौकट आणि दार त्याने या आठवड्यापूर्वी कधी केलेच नव्हते. औसा तालुक्यातल्या त्याच्या गावात घरे पुष्कळ बांधली गेली, पण चौकट बसवायला गायसमुद्र्यांच्या पोराला कोणी बोलावले नाही. चौकट उभी राहिली की घरधनी सुताराच्या हातात नारळ ठेवतो आणि डोक्यावर मानाची टोपी चढवतो. तो मान ठरलेल्या घरांतल्या सुतारांचा होता. आयटीआयच्या प्रमाणपत्राचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

दिग्दर्शिका रंगमंचावर आली. तिने दोन गोष्टी सांगितल्या. दार पहिल्या लाथेला फुटले पाहिजे. आणि चौकटीच्या तळाशी ते आडवे लाकूड आहे ते काढून टाका, नकाशात ते नाही, माणसे अडखळतात. पहिला प्रयोग दुपारी तीनला होता आणि आता सव्वानऊ वाजले होते. ती गेल्यावर जेरोमने ते सगळे मराठीत पुन्हा सांगितले.

"दार मोडून देतो," सुदाम म्हणाला. "उंबरा न्हाई काढत."

"अरे बाबा, सेफ्टीवाला पण बोलून गेला. आणि अमेरिकेतल्या घराला उंबरा कशाला?"

"मग ती बाई उभी कुटं राहती?"

"कुठली बाई?"

"नाटकातली आई. तुमीच सांगितलाव की, दार फुटल्यावर ती दारात उभी राहती, आन् एवढे मशालीवाले असून एक बी आत येत न्हाई. कशामुळं येत न्हाई? खाली नुसती फरशी असली तर त्येंनी थांबायचं कुटं?"

नाटकाची गोष्ट जेरोमनेच चहाच्या वेळी सुदामला सांगितली होती. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका लहान गावात एक कृष्णवर्णीय कुटुंब राहते. बाप रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाल आहे, आई गोऱ्यांच्या घरचे कपडे धुते आणि धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन त्यांच्या मागच्या दाराने जाते. मोठी मुलगी मतदार यादीत नाव घालायला निघते, तेव्हा गोरे रात्री येऊन त्यांचे दार फोडतात. सकाळी सगळे कुटुंब त्याच फुटक्या दारातून गात बाहेर पडते आणि नाव नोंदवायला जाते. संगीत नाटकच, पण त्यातली गाणी देवळाच्या दिशेने न जाता कचेरीच्या दिशेने जातात, असे जेरोम म्हणाला होता. त्यावर सुदाम म्हणाला होता, "ह्येंना मागलं दार तरी होतं. माझ्या आईला ते बी नव्हतं. ती अंगणातूनच."

आता तो चौकटीपाशी गुडघे टेकून बसला होता आणि उंबऱ्यावर हात ठेवून होता, जणू कोणी तो ओढून नेणार होते.

नेमकी त्याच वेळी आईची भूमिका करणारी बाई कॉफीचा कप घेऊन आली. साठीच्या आसपासची, भरल्या अंगाची, आणि आवाज असा की साधे 'गुड मॉर्निंग' म्हटले तरी वरच्या दिव्यांपर्यंत पोचावे. तिने कप बाजूला ठेवला, खाली वाकली आणि उंबऱ्यावरून बोट फिरवले. मग जेरोमला काहीतरी सांगू लागली. जेरोमचा चेहरा बदलत गेला.

"सुदाम, ऐक. ती बोलते, तिच्या आजीच्या घराला असंच लाकूड होतं. हे ठेवा, मला उभं राहायला काहीतरी मिळालं. पण खोटं दिसतं. फार नवं आहे. त्या घरात माणसं चाळीस वर्षं राहतात, मग हे झिजलेलं नको का?"

सुदामने बाईकडे पाहिले. सोळा वर्षांत कामाची चूक त्याला कोणी इतक्या नेमकेपणाने दाखवली नव्हती.

"बरोबर हाय," तो म्हणाला. वाद घालायला जागाच नव्हती.

दिग्दर्शिकेने तीनपर्यंतची मुदत दिली. झीज खरी वाटली तर लाकूड राहील, नाही तर चौकट तळाशी कापून टाकायची. नटमंडळी गाण्यांच्या तालमीला वरच्या मजल्यावर गेली आणि रंगमंच सुदामचा झाला.

दाराचे काम त्याने आधी उरकले, कारण ते सोपे होते. मधली फळी उभी चिरली आणि दोन्ही भाग पेन्सिलीएवढ्या दोन मऊ खुंट्यांनी जोडले. लाथ बसली की खुंट्या मोडतील, फळी उघडेल. प्रयोग संपला की नव्या खुंट्या. आपल्याच हाताच्या कुसा करवतीने कापताना त्याने तोंड वाकडे केले, पण हात थांबवला नाही. खिशात अर्धा डझन खुंट्या तासून ठेवल्या.

मग तो उंबऱ्याकडे वळला. पटाशी हातात घेतली आणि तिथेच अडला. झीज कुठे असते? मधोमध, असे कोणीही सांगेल. आणि ज्याने कधी उंबरा नीट पाहिला नाही तोच तसे सांगेल. सुदामने एक उंबरा लहानपणी तासन्‌तास पाहिला होता, तोही डोळ्यांच्या रेषेत. पाटलाच्या घरी आई धान्य निवडायला जाई, तेव्हा अंगणात बसलेल्या पोराच्या समोर तेवढाच असे. आत काय होते ते त्याला आजही सांगता आले नसते. पण खळगा नेमका उजवीकडे होता की डावीकडे, हे आठवेना. त्याने फोन काढला.

गावी साडेबारा वाजले होते. त्याच्या आईचा, हौसाबाईचा, अर्धा चेहरा आणि छताचा बराचसा पत्रा पडद्यावर दिसू लागला.

"जेवलास का रं?"

"जेवतो. आई, पाटलाचा उंबरा कोणत्या अंगानं झिजला होता?"

"आता गं बया! हे इचारायला फोन केलास व्हय?"

"सांग की."

"उजव्या अंगानं. दार डावीकडं उघडायचं, मग माणूस उजवीकडनंच जाणार की. आन् आतल्या कडंला जास्ती. बाहिर येताना माणूस पाय आपटतंय." तीस वर्षे समोर बसलेल्या बाईला यात आठवण्यासारखे काही नव्हते. "कशाला रं?"

"नाटकाला. त्यात एक बाई हाय, तिच्या घराला उंबरा करायलोय. तसाच झिजलेला पायजे."

"बाई काय करती?"

"धुणं धुती. लोकायचं."

हौसाबाईचा पूर्ण चेहरा पडद्यावर आला.

"मग मुडद्या, पाटलाचा उंबरा तिच्या दाराला कशाला लावायलास? तिच्या पायाचा कर की! टोपलं कडंवर घेती का डोक्यावर?"

"कडंवर. डाव्या."

"मग डावा पाय जड पडतोय. आन् ती रिकाम्या हातानं कमी, भरल्या टोपल्यानं जास्ती ये-जा करती. बाहिरचा काठ बी झिजणार. जा, तिचा पाय बघ आदी. ठिवते, भाकर करपायली."

जेरोम बाजूला उभा राहून हे सगळे ऐकत होता. "तुझ्या मम्मीला डिझायनर ठेवू या का?" त्याने विचारले.

"तुमाला परवडणार न्हाई," सुदाम म्हणाला. "सर, त्या बाईला खाली बोलवा. टोपली घेऊन. आन् चालताना खाली बघू नका म्हणावं."

बाई आली. टोपली डाव्या कमरेवर घेऊन ती चौकटीतून आत गेली, बाहेर आली, पुन्हा गेली. सुदाम पालथा पडून, गाल जवळजवळ फळ्यांना टेकवून पाहत होता आणि पाऊल पडेल तिथे खडूने खूण करत होता. दहाव्या खेपेला बाईला हसू आवरेना. विसाव्या खेपेला ती हसायची थांबली आणि चालता चालता हलक्या आवाजात गुणगुणू लागली, आणि सुदामच्या लक्षात आले की गुणगुणताना तिचे पाऊल नेमके एकाच जागी पडते. ती जागा मधोमध नव्हती. पाटलाच्या उंबऱ्यासारखी उजवीकडेही नव्हती.

पुढचे तीन तास पटाशी आणि रंधा चालू राहिले. चाळीस वर्षांची ये-जा तीन तासांत लाकडात उतरवणे म्हणजे बनावटगिरी, असा आक्षेप कोणी घेईल. पण चार-चारदा पॉलिश कागद फिरवून, कडेची एकही धार न ठेवता सुदाम जे करत होता त्यात फसवणुकीचा लवलेश नव्हता. एक बाई एवढी वर्षे एका दारात राहिली असे तो तिच्या वतीने लिहून देत होता. शेवटी त्याने चहाचे दाट पाणी लाकडात मुरवले. दुपारी अडीचला दिग्दर्शिका आली, वाकली आणि जेरोमच्या खांद्यावर थाप मारून गेली.

"जमलं! राहिला तुझा उंबरा," जेरोम म्हणाला. "आता तरी त्या दारातून ये-जा कर ना. चार दिवस बघतोय, चौकटीला वळसा घालून फिरतोस. भिंतीच नाहीत घराला!"

"खऱ्या प्रयोगात घरधनीण आदी," सुदाम म्हणाला. हा नियम त्याला कोणी घालून दिला नव्हता. त्याने स्वतःच केला होता.

तीनला पडदा उघडला. सुदाम विंगेतून पाहत होता. जमाव आला, लाथ बसली, खुंट्या मोडल्या आणि दार असा आवाज करून फुटले की पहिल्या रांगेतल्या एका पोराने आईला मिठी मारली. मग बाई आली. तिने खाली पाहिले नाही. तिचे डावे पाऊल खळग्यात पडले आणि उजवे त्याच्या शेजारी, आणि ती गाऊ लागली. मशाली चौकटीपाशी आल्या आणि तिथेच थांबल्या. सुदामला गाण्यातले शब्द फारसे कळले नाहीत. ती मंडळी कुठे थांबली एवढे त्याला नीट दिसत होते.

साडेपाचला प्रेक्षागृह रिकामे झाले. पुढचा प्रयोग आठचा होता. सुदामने मोडक्या खुंट्यांचे तुकडे झाडून काढले, खिशातल्या दोन खुंट्या ठोकल्या, दार परत बिजागरीत अडकवले. उंबरा पुसताना त्याचा हात थांबला. खळग्यात, त्याने केलेल्या झिजेच्या आत, बुटाच्या टाचेचा एक बारीक ओरखडा उमटला होता.

"पॉलिश मारायचं?" जेरोमने विचारले.

"राहू द्या. आता खरंच झिजायला लागलाय."

जेरोमच्या हातात पुठ्ठ्याचे एक खोके होते. पहिल्या प्रयोगाच्या दिवशी मंडळी पडद्यामागच्या प्रत्येकाला नाटकाचे नाव छापलेली काळी टोपी देत असत. तो त्याच वाटत फिरत होता. त्याने एक काढून सुदामच्या डोक्यावर चढवली आणि खोके घेऊन दिव्यांच्या माणसांकडे निघून गेला. या टोपीला औसा तालुक्यात काय अर्थ आहे, हे वसईच्या माणसाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

सुदामने दोन्ही हातांनी टोपी सरळ केली, हत्यारांची पिशवी उचलली आणि चौकटीला वळसा न घालता दार उघडून, उंबरा ओलांडून तो पलीकडे गेला. जाताना त्याने दार हलकेच ओढून घेतले. ते मोडायला अजून तीन तास होते.