पहिल्या रांगेतली बाई

भिकुबाईने खताची रिकामी गोणी आखाड्याच्या कडेला पसरली, तिच्यावर मांडी घातली आणि पुढ्यातली तांबडी माती हाताने सारखी केली, जणू ते तिचंच अंगण होतं.

बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता तिच्याजवळ वाकला.

"आजी, बाया तठे बसेल शेतस, मंदिरना ओटावर. आठे पैलवान अंगवर पडी."

"पडू दे," भिकुबाई म्हणाली. "पैलवानाची माय हाये मी. तू तुह्या बिल्ल्याले पाह्य, उलटा लागेल हाये."

मागची माणसं हसली. कार्यकर्त्याने बिल्ला खरंच चाचपून पाहिला आणि तो निघून गेला.

धुळ्यापासून आत, माळावरचं गाव होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची दंगल. भिकुबाई सावद्याहून झुंजुमुंजूलाच निघाली होती. जळगावला एसटी बदलली, धुळ्याला बदलली, पुढे काळीपिवळी जीपमध्ये गुडघे आवळून बसली. आखाड्याला बायका येत नाहीत. आल्या तर लांबून, पदर दातात धरून बघतात. भिकुबाई आली की पहिल्या रांगेत बसायची. तिला उठवणारा अजून कुणी निघाला नव्हता.

नारळाच्या बक्षिसावरच्या, पोरासोरांच्या कुस्त्या झाल्या. मग मधल्या कुस्त्या लागल्या आणि त्यात हितेंद्र उतरला. उंच, सरळ नाकाचा, पंचविशीच्या आतला. त्याने मातीला हात लावून कपाळाला लावला, वर पाहिलं, आणि समोर गोणीवर बसलेली बाई त्याला दिसली. कपाळावरचा हात तिथेच राहिला.

माघात, फैजपूरच्या पलीकडच्या एका यात्रेत, शेवटच्या कुस्तीला, याच हितेंद्रच्या कैचीत तिच्या प्रेमराजची मान सापडली होती. सुटायला प्रेमराजने हिसका दिला, आणि ढोल वाजत असतानासुद्धा पुढच्या रांगेतल्या माणसांना काहीतरी मोडल्याचा आवाज आला. डाव नियमातलाच होता. पंचांनी तसं सांगितलं, आणि शुद्धीवर आल्यावर प्रेमराजनेही तेच सांगितलं. तेव्हापासून तो खाटेवर होता. मानेच्या खालचं काहीच आता त्याचं ऐकत नव्हतं.

आजची जोड हितेंद्रला अगदीच हलकी होती. गावातल्या दूधवाल्याचा पोरगा, अंगाने भरलेला पण डावात कच्चा. पाहता पाहता हितेंद्रने त्याला खाली घेतला, पाठीवर बसला आणि त्याच्या मानेखालून हात घातला. कैची बसायला फक्त दुसरा हात यायचा राहिला होता. हितेंद्रने मान वळवून कडेला पाहिलं. भिकुबाई डोळे न हलवता बघत होती. त्याचा हात सैल पडला. दूधवाल्याच्या पोराने ती संधी घेतली आणि आपल्यालाच खरं वाटत नसल्यासारखा त्याला चीत केला.

लोकांनी टोप्या उडवल्या. भिकुबाई मातीत थुंकली.

पाण्याच्या टाकीजवळ ती तोंड धूत होती, तेव्हा एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावरून पदर, पायात रबरी चपला.

"अक्का, मी हितेंद्रनी माय. कमलबाई."

"माहीत हाये. नाक तेच हाये."

कमलबाई पाया पडायला वाकली. भिकुबाईने पाय मागे घेतले.

"अक्का, तुम्ही नका येत जा. तुम्हले दखं म्हणजे त्याना हात गळी जातस. आखाजीले पडना, आज पडना. बठ्ठा म्हणतस, ती बाईनी नजर शे. त्यानं तुम्हनं वाईट कयं, पन मुद्दाम नही कयं."

"कोन म्हने मुद्दाम केलं?"

"मंग कसाले येतस?"

भिकुबाईने पदराने तोंड पुसलं. घाई नव्हती तिला.

"तुह्या पोराले सांग, हातात मान आली का सोडाची नई. असा सोडत राह्यला त गावोगाव पडीन. आन् लोकं म्हनतीन, प्रेमराजले मोडनारा कोन? त हा. दूधवाल्याच्या पोरानं पाडेल, हा. माह्या पोराले असं तसं कोनी मोडेल नई, बाई. तुह्या पोराले आता मोठंच व्हा लागीन."

कमलबाईला ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ती एक पाऊल मागे सरली. नजर काढता येते, मीठ-मोहरीने उतरवता येते. याला काय करावं, ते तिला सुचेना.

दंगलीची एक रीत भिकुबाईला लग्न होऊन आल्यापासून ठाऊक होती. शेवटच्या, सगळ्यात मोठ्या कुस्तीला माइकवाला पैलवानाची ओळख करून देतो ती त्याने पाडलेल्यांच्या नावांनी. अमक्याला लोळवणारा, तमक्याला अस्मान दाखवणारा. बापाचं नाव एखाद्या वेळी घेतलं जातं, पाडलेल्यांची नावं मात्र एकही गाळली जात नाहीत. तिचा नवरा पंडित पैलवान असाच ओळखला जायचा. प्रेमराजने पाडलेली नावं तर तिला देवाच्या आरतीसारखी पाठ होती. आता प्रेमराज कुणाला पाडणार नव्हता. त्याचं नाव आखाड्यात घुमायचं तर ते हितेंद्रच्या नावामागूनच घुमणार होतं, आणि त्यासाठी हितेंद्र शेवटच्या कुस्तीत उभा राहायला हवा होता. मधल्या कुस्त्यांत कोण कुणाचं नाव घेतो?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरी पोचली. शेजारची पुष्पाबाई प्रेमराजजवळ बसून होती, ती उठून गेली. प्रेमराजची खाट भिंतीकडे तोंड करून होती. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दंगलीहून ती परत आली, तेव्हाच त्याने खाट फिरवायला लावली होती. दारातून येणारा उजेड डोळ्यांना लागत असेल, असं तिने धरून चाललं होतं. फोनही त्याने बंद करून कपाटात टाकायला लावला होता. भेटायला येणारे त्याच्यापुढे कुस्तीचं नाव काढत नसत. त्याला जे कळे ते आईकडूनच.

"कोन जितलं?" भिंतीकडे बघत त्याने विचारलं.

"कोन जितीन? तोच."

"कसा?"

भिकुबाई खाटेच्या कडेला टेकली आणि हातांनी दाखवू लागली. तो बघत नव्हता, तरी दाखवत होती.

"असा कमरेत धरला, असा डोक्यावरून फिरवला. पडला तिथं खड्डा पडला मातीत. लोकं म्हने, याच्यासारखा पैलवान खानदेशात नई. मी म्हटलं, नईच हाये. माह्या पोराले त्यानं पाडेल हाये, दुसऱ्यानं कोन्ही पाडून दाखवावं."

तिने आणलेली गोडशेव त्याच्या ओठांशी धरली. दंगलीहून येताना ती नेहमी आणायची. लहानपणी हिच्यासाठी तो बापाच्या मागे आखाड्यावर जायचा.

"ठेव. मंग खाईन."

दोन दिवसांनी पुडीला मुंग्या लागल्या. भिकुबाईने ती झटकली आणि पोराला औषधांनी भूक राहत नाही, असं पुष्पाबाईला सांगितलं.

दसऱ्याला ती पारोळ्याकडे गेली. मार्गशीर्षात शिंदखेड्याच्या पुढे एका गावी गेली, तिथे थंडीने तिचे दात वाजत होते, तरी गोणी पहिल्या रांगेतच पडली. दोन्हीकडे हितेंद्र पडला. शिंदखेड्याकडे तर त्याची जोड लावायलाच पंच तयार होईनात. पाहायला आलेली पोरं त्याला 'ढिल्या' म्हणून हाका मारत होती. भिकुबाईने त्यातल्या एकाला त्याच्या आईबापासकट ऐकवलं. पोरगा चकित झाला. ज्या माणसाने हिच्या घराचं वाटोळं केलं, त्याच्यासाठी ही म्हातारी का भांडतेय, ते त्याला कळेना.

घरी मात्र हितेंद्र दोन्ही कुस्त्या जिंकला. एकदा ढाक लावून, एकदा नुसत्या दमावर. प्रत्येक वेळी प्रेमराज शेवटपर्यंत ऐकून घेई आणि डोळे मिटून घेई. पोराचा जीव निवला, असं भिकुबाईला वाटे. त्या रात्री त्याची भाकरी अर्धी राही.

मग पुन्हा माघ आला. फैजपूरच्या पलीकडची तीच यात्रा, तोच आखाडा. गेल्या साली शेवटची कुस्ती जिंकलेल्याला यंदाही शेवटच्या कुस्तीला बोलवायचं, हा त्या गावचा नियम. तो सालभरात किती ठिकाणी पडला, हे गाव विचारत नाही. बऱ्हाणपूरचा एक दणकट पैलवान त्याच्यासमोर ठरला होता.

भिकुबाई बसली होती तिथपासून प्रेमराज पडला ती जागा चार हातांवर असेल. तिने तिकडे पाहिलं नाही. माती सगळीकडे सारखीच उकरलेली होती.

ढोल वाजू लागले. हितेंद्र लंगोट कसून आला आणि आखाड्यात उतरण्याआधी सरळ तिच्यापुढे येऊन वाकला. भिकुबाईने पुढ्यातली मूठभर माती उचलली, चिमटीने त्याच्या कपाळाला लावली, उरलेली त्याच्या मानेवर चोळली.

"सोडू नको," ती म्हणाली.

कुस्ती लांबली. बऱ्हाणपूरवाला ताकदीचा होता. त्याने दोनदा हितेंद्रला खाली घेतलं, दोनदा तो निसटला. ऊन कलायला लागलं तेव्हा हितेंद्र त्याच्या पाठीवर आला आणि त्याचा हात मानेखालून गेला. त्याने कडेला पाहिलं.

भिकुबाईने मांडीवरचा हात उचलला आणि सावकाश मूठ आवळली.

हितेंद्रने कैची लावली. बऱ्हाणपूरवाल्याचे पाय माती उकरत होते, ते थांबले. ढोलवाल्यांचे हातही थांबले. मग हितेंद्रने त्याला उलटा केला, दोन्ही खांदे मातीला लागले आणि पंचांनी शिट्टी फुंकली. खालचा पैलवान तसाच पडून राहिला. थोड्या वेळाने त्याने मान एकीकडे वळवली, दुसरीकडे वळवली, तोंडातली माती थुंकली आणि उठून बसला.

आरोळी उठली. हितेंद्रला फेटा बांधला, गुलाल उधळला. माइकवाल्याचा आवाज चढला. भिकुबाई पुढे सरकून बसली, डोक्यावरचा पदर सारखा केला. असा पदर तिने प्रेमराजचं नाव घेतलं जाई तेव्हा सारखा केला होता, नवऱ्याचं घेतलं जाई तेव्हाही केला होता.

"धुळ्याचा ढाण्या वाघ! शिरपूरच्या झुलाल पैलवानाला लोळवणारा! आज बऱ्हाणपूरला अस्मान दाखवणारा! आणि गेल्या साली याच मातीत..." माइकवाल्याने माइकवर हात ठेवला, शेजारच्याला काहीतरी विचारलं. शेजारच्याने खांदे उडवले. "याच मातीत एका पैलवानाला कायमचा थंड करणारा, हितेंद्र पैलवान!"

भिकुबाईच्या मागे दोघं जण शेंगा फोडत होते.

"कोन होता रे तो गेल्या सालचा?"

"होता कोनी सावद्याकडचा."

"मेला ना?"

"हाव, मेलाच असीन. इतकी मान गेल्यावर राह्यतो का मानूस?"

भिकुबाईची मान मागे वळली नाही. लोकांनी खांद्यावर घेतलेला हितेंद्र समोरून गेला. गुलालातून तो तिला शोधत होता. ती खाली वाकून गोणीची घडी घालत होती.

दिवेलागणीला ती घरी आली. एरवी ती आधी हातपाय धुवायची. आज सरळ आत आली आणि गोणी दारामागे टाकली. पुष्पाबाई काही विचारणार होती, पण तिचं तोंड बघून निघून गेली.

प्रेमराज भिंतीकडे बघत होता. जवळची यात्रा होती. ढोल इथवर ऐकू येत नसले तरी आज काय आहे, ते त्याला माहीत होतं.

"कोन जितलं?"

भिकुबाई दारातच उभी होती.

"पडला," ती म्हणाली.

"कोन?"

"तोच. हितेंद्र."

बाहेर कुणीतरी गुरांना पाणी पाजत होतं.

"कसा?"

वर्षभर तिने हातांनी डाव दाखवले होते. आज तिचे हात लुगड्यात गुंतले होते.

"कसा म्हंजे. पडला. चीत झाला. लोकं हासले."

पोरगा आता रडेल, असं वाटून ती खाटेकडे गेली.

"माय."

"काय रे?"

"खाट फिरव. दाराकडे."

तिने आधी पायथा ओढला, मग डोकं. खाटेचे पाय फरशीवर करकरले. ओसरीतल्या दिव्याचा उजेड सरळ त्याच्या तोंडावर आला. त्याने डोळे मिटले नाहीत. दाराबाहेर, अंगणाकडे, तो किती दिवसांचा उपाशी असल्यासारखा बघत राहिला.

"गोडशेव आनली का?"

"आनली."

"दे मंग."

भिकुबाईने पिशवीतून पुडी काढली आणि तिचा दोरा सोडला. बोटांना अजून आखाड्याची माती होती. तिने ती पदराला पुसली, पुन्हा पुसली, आणि त्याला भरवू लागली. तो भराभर खात होता.