बारदान वजा जाता

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे आणि उभ्या आयुष्यात मी एकदाही खोटे बोललेलो नाही. अर्थात खरेही बोललेलो नाही. मला बोलताच येत नाही. लोक पाटावर वजन ठेवतात, माझी दांडी हलते, आणि पुढचे सगळे लोकच बोलतात.

मी ओतीव लोखंडाचा. मालगाडीने मळवलीला उतरलो तेव्हा माझ्या दांडीवर मण आणि शेर कोरलेले होते. पुढे सरकारने किलो आणले. दांडी बदलली, मी तोच राहिलो. कार्ल्याच्या फाट्यावर एका भाताच्या गिरणीत माझा मुक्काम होता. सुगी संपली की आंबेमोहराची पोती यायची, इंजिन धडधडायचे, कोंडा उडायचा आणि भिकाजी हमाल पोते माझ्यावर आदळायचा. "काटा इमानी हाय," असे तो आल्यागेल्याला सांगे. स्तुतीने लोखंडालाही बरे वाटते. पण जो एकदा इमानी ठरला, त्याची झडती बंद होते.

माझ्या धंद्यातले दोन शब्द तुम्हाला सांगून ठेवतो. पोत्यासकट माल मोजायचा आणि रिकाम्या पोत्याचे वजन वजा करायचे. ते वजा होते त्याला बारदान म्हणतात. आणि मोजण्यापूर्वी रिकामा काटा बरोबर उभा राहतो की नाही ते बघायचे, त्याला धडा बघणे म्हणतात. तुमच्या पुस्तकातला धडा वेगळा. तो विसरला तर छडी बसते आणि प्रकरण तिथेच मिटते.

चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत कस्तुराबाई बैलगाडीतून गिरणीत आल्या. सोबत भाताचे पोते नव्हते. नवऱ्याने आणि गाडीवानाने दोन्ही बाजूंनी धरून त्यांना खाली उतरवले. वय चाळिशीचे, कुणबाऊ बाई, हसरा चेहरा. चार पावले चालून त्या थांबल्या, दम घेतला आणि भिकाजीला म्हणाल्या, "भिकाजीभाऊ, माजं वजन करा."

भिकाजीने डोक्यावरचा टॉवेल काढला. "वैनी, हा भाताचा काटा हाय."

"मग मी काय लवंगा-वेलदोड्याच्या काट्यावर बसू?"

हकिगत अशी होती. कस्तुराबाईंना तीन वर्षांत आडवे पडून झोपता आले नव्हते. आडवे झाले की श्वास कोंडायचा. भिंतीशी भाताचे पोते उभे करून त्याला टेकून त्या बसल्या बसल्या डुलकी काढत. खाणे निम्मे केले, उपास केले, झाडपाल्याचे काढे प्याल्या. वजन हटले नाही. खंडाळ्याला एका बंगल्यात मुंबईचे एक सर्जन सुटीला येत. त्यांनी तपासून सांगितले, की असेच चालले तर दोन-तीन वर्षांत हृदय थकेल. परदेशात एक नवे ऑपरेशन निघाले आहे, आपण ते शिकून आलो आहोत, पण त्यात माणूस दगावतोही. म्हणून त्यांची एक अट होती. वजन एकशेचाळीस किलोच्या वर असेल तरच ते सुरी धरणार. त्याखाली असेल तर ऑपरेशनचा धोका वजनापेक्षा मोठा. दवाखान्यातले काटे सव्वाशेला टेकायचे. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती, 'मोठ्या काट्यावर वजन करून कळवावे.'

भिकाजीने चिठ्ठी उलटसुलट पाहिली. मग धंद्याचा प्रश्न विचारला, "बारदान किती धरू?"

"नऊवारी हाय. सव्वा किलो धरा." कस्तुराबाई माझ्यावर चढल्या आणि दांडीकडे बघून म्हणाल्या, "धडा बघितला का?"

"ह्या काट्याला धडा लागत न्हाई, वैनी. इमानी हाय."

दांडी स्थिरावली. बारदान वजा जाता एकशेबेचाळीस. त्या आकड्याला हसणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. "अटीत बसलं बाई," त्या म्हणाल्या. परीक्षेत पास झाल्यासारखा त्यांचा चेहरा होता.

पास होणे सोपे, बसणे कठीण. कस्तुराबाई पोत्याच्या थप्पीवर टेकून दम खात होत्या, तोवर गिरणीत बातमी पसरली आणि दळणाकांडणाला आलेल्या बायांनी सभा भरवली. धोंडाबाई म्हणाली, "पोट कापाया पोट दुखतंय व्हय गं तुजं?"

"दुखत न्हाई. उरावर बसतंय."

"खात्यापित्या घरची दिसतीस. लोक नवस करत्यात असं अंग व्हावं म्हून."

"घे की निम्मं. मला सांगायचं न्हाई कुनाला."

नवरा, हनुमंतराव, एवढा वेळ बैलांच्या दाव्याशी खेळत उभे होते. ते हळूच म्हणाले, "टेबलावरच काय झालं म्हंजी?"

तेव्हा सोपानआबा पुढे आले. जन्मभर खंडाळ्याच्या घाटात रेल्वेचे सांधे बदललेले, आता निवृत्त. त्यांनी डॉक्टरांचे म्हणणे हनुमंतरावांकडून नीट ऐकून घेतले, की आतडे वीस-बावीस फूट लांब असते, त्यातले दोन फूट कामाला ठेवायचे, बाकीचे आतच राहील पण त्यातून अन्न जाणार नाही.

"कळलं," आबा म्हणाले. "रिव्हर्सिंग ठेसन."

बायांनी एकमेकींकडे पाहिले.

"पूर्वी घाटात गाडी रिव्हर्सिंगला जायची, थांबायची, इंजिन उलटं लागायचं, मग वर. पुढं सायबानं नवी लाइन टाकली, गाडी सरळ जाया लागली. जुनं ठेसन तितंच ऱ्हायलं, पर तितं कुनी उतरत न्हाई. डाक्टर तसंच करनार. खाल्लेलं थांबनार न्हाई, सरळ फुडं."

"आन् नव्या लाइनीवर गाडी पडली तर?" कस्तुराबाईंनी विचारले.

आबा रेल्वेचे माणूस, खोटे आश्वासन देणे त्यांना जमेना. "पडू शकती," ते म्हणाले.

कस्तुराबाईंनी उठण्यासाठी दोन्ही हात पुढे केले. "जुन्या लाइनीवर तर रोजच पडतीय," त्या म्हणाल्या आणि हनुमंतरावांना गाडी जुंपायला सांगितली. मी आजवर हजारो पोती पेलली, पण इतके वजनदार वाक्य माझ्या शेजारी दुसऱ्या कोणी टाकलेले नाही.

मार्चमध्ये ऑपरेशन झाले. दोन दिवस शुद्ध नव्हती, तिसऱ्या दिवशी त्यांनी चहा मागितला. महिन्याने त्या गावी आल्या. दर महिन्याला वजन करून डॉक्टरांना कार्ड टाकायचे होते, म्हणून दर महिन्याला माझ्याकडे येत. एकशेतीस. एकशेसतरा. एकशेचार. भिकाजी न चुकता बारदान वजा करी. पावसाळ्यात ओल्या लुगड्याचे अर्धा किलो जास्त धरी.

मित्रांनो, वजन उतरते म्हणजे आनंदीआनंद, असे तुम्हाला वाटेल. कस्तुराबाईंना दिवसातून दहा वेळा लोटा घेऊन पळावे लागे. कुठेही गेल्या की आधी आडोसा कुठे आहे ते बघत, मग पाणी पीत. केस विरळ झाले, हाडे ठणकत, एकदा मूतखडा झाला. कातडी दंडावरून रिकाम्या पोत्यासारखी लोंबायची. गोळ्या जन्मभराच्या. तीन महिन्यांनी मुंबईची फेरी. गावाने आपली बाजू बदलली होती. पूर्वी 'अंग किती वाढलंय' म्हणणारे आता 'किती उतरलीय, आत काहीतरी रोग असंल' म्हणत. धोंडाबाईने लिंबू उतरून टाकले.

"सोसलं का, वैनी?" भिकाजीने एकदा विचारले.

"धा येळा परसाकडं जाते, भिकाजीभाऊ. पर जाते की. आदी नुसतं उठाया दोन मानसं लागायची." मग दंडाची कातडी चिमटीत धरून म्हणाल्या, "हे बारदान मातर तुमाला वजा करता येनार न्हाई."

शहात्तरच्या सुगीनंतर कस्तुराबाई स्वतः भाताचे पोते घेऊन आल्या. स्वतः म्हणजे गाडी त्यांनीच हाकली. मागच्या महिन्यातले वजन एक्क्याण्णव. त्या दिवशी माझा पाट अडकत होता म्हणून तळेगावहून मिस्त्री बोलावला होता, त्यामुळे नवी पोती थांबली होती, आधी मोजलेलीच कांडली जात होती. कस्तुराबाई रिकाम्या पोत्यांच्या ढिगावर टेकल्या. मग जराशाने पाय वर घेतले. मग आडव्या झाल्या. पुढे पाठीवर सरळ, हात पसरून झोपल्या. इंजिन धडधडत होते, कोंडा त्यांच्या चेहऱ्यावर बसत होता, आणि त्या संथ घोरत होत्या. भिकाजीने बायांना बाजूने जायला लावले. मी यंत्र आहे, मला डोळे नाहीत, पण तेवढा वेळ माझी दांडी हलली नाही.

दांडी न हलण्याचे दुसरे कारण असे, की मिस्त्रीने ती काढून ठेवली होती. त्याने माझा पाट उचलला आणि शीळ घातली. पाटाच्या खालच्या अंगाला कोंडा बसून, ओला होऊन, वाळून त्याची वडी झाली होती. खरवडून काढून दुसऱ्या तराजूत मोजली, चार किलो. मिस्त्री म्हणाला, "हे चार-पाच वर्षांपूर्वीच साठून दगड झालंय. धडा कोण बघतं की नाही इथं? प्रत्येक वजनाला हा काटा चार किलो जास्त दाखवतोय."

भात येताना चार जास्त आणि तांदूळ जाताना चार जास्त, त्यामुळे कोणाची तक्रार नव्हती. पण भिकाजीला चौऱ्याहत्तरचा फेब्रुवारी आठवला. बोटे मोजून झाल्यावर त्याने झोपलेल्या कस्तुराबाईंकडे पाहिले. उठवावे की नाही, यात त्याचा अर्धा तास गेला. शेवटी त्या आपणच उठल्या, आणि त्याने हात जोडून सगळे सांगून टाकले. "वैनी, तवा तुमी एकशेअडतीसच हुता. डाक्टरनं हात लावला नसता."

कस्तुराबाईंनी तोंडावरचा कोंडा पदराने पुसला. वाकून माझ्या उघड्या पोटात पाहिले.

"डाक्टरला कळवू नगा," त्या म्हणाल्या. "त्येला झोप यायची न्हाई."

मग लोटा घेऊन त्या गिरणीमागे गेल्या.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती, की आमच्यासारख्या काट्यांना वर्षातून एकदा पाट उचलून आतून झाडावे, आणि कोणी कितीही इमानी म्हटले तरी आधी धडा बघावा. माझ्या पोटातून निघालेला चार किलो कोंडा वाया गेला नाही. तो भिकाजीच्या म्हशीने त्याच दिवशी खाल्ला.