समुद्रात पडलेले बंदर

एका पत्राचे उत्तर द्यायचे राहिले होते, आणि ते पत्र माझ्याच खाली दाबून ठेवलेले होते. वारा आला की त्याची कड फडफडायची आणि माझ्या लाकडाला लागायची. पत्र मला नव्हे, आमच्या सरांना आले होते. पण त्यात चौकशी होती ती माझी. मित्रांनो, मी एक जुना शिक्का आहे. सहीचा किंवा तारखेचा नव्हे, नकाशाचा. मला बोलता येत नाही, फक्त उमटता येते, आणि तेही आता धड नाही. तेव्हा ही हकिगत मला नीट सांगता येईल की नाही, याची खात्री वाटत नाही. कुठे चुकलो तर सांभाळून घ्या.

तुम्हाला आज छापील नकाशांचे गठ्ठे मिळतात. माझ्या जन्माच्या वेळी तसे नव्हते. भूगोलाच्या तासाला मुले नकाशा हाताने काढत. कोणाचा किनारा करवतीसारखा, तर कोणाचा दोरीसारखा. अर्धा तास त्यातच जाई आणि नद्या, डोंगर, बंदरे दुसऱ्या दिवसावर पडत. आमचे सर तेव्हा हायस्कूलमध्ये नवे होते. इतिहास, नागरिकशास्त्र आणि भूगोल असे तिन्ही विषय त्यांच्याकडे. स्वभाव इतका लाजरा की मुलांकडे पाहण्याऐवजी फळ्याकडे पाहून शिकवत. त्यांनीच आमच्या किनाऱ्याचा नकाशा पातळ कागदावर काढला आणि शिक्केवाल्याकडे नेला.

"मास्तर, आजवर साहेबांच्या सह्या कोरल्या, पतपेढ्यांची नावं कोरली. समुद्र पहिल्यांदाच कोरतोय," शिक्केवाला म्हणाला. "लाटा पण घालू का?"

"नको, नको. फक्त किनारा," सर घाईघाईने म्हणाले. त्यांना थट्टा कळायला जरा वेळ लागतो.

शिक्केवाल्याने बारीक सुरीने माझ्या रबरात किनारा उठवला, दोन नद्या उठवल्या आणि मोठ्या बंदराच्या जागी एक ठिपका ठेवला. वर सागवानी मूठ बसवली. त्या दिवसापासून मी कामाला लागलो. तास सुरू झाला की मुले वह्या उघडून रांगेत उभी राहत. पॅडवर एकदा, वहीवर एकदा, की नकाशा तयार. सगळ्यांच्या बोटांना शाई लागायची, कोणाकोणाच्या गालालाही. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी मला उलटसुलट करून पाहिले आणि "कल्पना नामी आहे" असे म्हटले. सर लाजून फळा पुसायला गेले. फळा कोराच होता.

सरांनी मला कधी कुलपात ठेवले नाही. शेजारच्या शाळांना हवा असला की शिपाईमामा मला कापडी पिशवीत घालून सायकलवरून पोचवत. किती वर्गांत मी उमटलो, याचा हिशेब मला नाही. तो काळ माझ्या आयुष्यातला चांगला काळ.

मग रबर वाळले. एका सकाळी मी टेबलावरून फरशीवर पडलो आणि माझ्या किनाऱ्याचा एक टवका उडाला. मोठ्या बंदराला कवेत घेणारे जमिनीचे जे टोक समुद्रात शिरते, नेमके तेच गेले. तिथे फट राहिली आणि बंदराचा ठिपका एकटाच बाहेर उरला. सरांनी मला पुष्कळ वेळ खिडकीशी धरून पाहिले. शिक्केवाल्याचे दुकान केव्हाच बंद झाले होते. मग सरांनी एक युक्ती काढली. वह्यांवर मी उमटून झालो की ते सांगत, "इथे जमिनीचं नाक आहे. ते पेन्सिलीनं काढून घ्या."

"सर, तुमच्याएवढं काढू का?" मागून कोणीतरी विचारी. सरांचे नाक खरोखरच लांब आहे. वर्ग हसे, सरही खाली मान घालून हसत, आणि ते नाक कोणी विसरत नसे.

डोंगरापलीकडच्या छोट्या शाळेतल्या बाई मला न्यायला आल्या तेव्हाचे मात्र मला नीट आठवते. त्या भाषा शिकवणाऱ्या. त्यांच्या शाळेतले भूगोलाचे शिक्षक बदलून गेले होते.

"भूगोल माझ्या गळ्यात पडलाय, सर," बाई म्हणाल्या. "नकाशा म्हटलं की मला घाम फुटतो. भिंतीवर एक होता, तोही वाळवीनं खाल्ला. पुस्तकात अख्खा देश एवढासा, त्यात आपला किनारा भिंगातून शोधावा लागतो."

"न्या, न्या. खुशाल न्या," सर माझ्याकडे पाहत म्हणाले. अनोळखी माणसापुढे त्यांची जीभ टाळूला चिकटते. पुढे काही सांगायला त्यांनी तोंड उघडले, तेवढ्यात घंटा झाली. उद्या शिपाईमामांबरोबर चिठ्ठी पाठवू, असे ते पुटपुटले. तो उद्या आलाच नाही.

त्या शाळेत मी वर्षभर होतो. दहावीचा वर्ग एकाच खोलीत मावेल एवढा. तिथे सगळ्यांच्या वह्यांवर मला उमटवायचे काम एका मुलीने आपणहून घेतले होते. तिची बोटे कायम निळी, म्हणून मुले तिला शाईताई म्हणत. ती मला दोन्ही हातांनी धरायची आणि उचलताना श्वास रोखायची, रेघ फाटू नये म्हणून. तिला पुढे नर्स व्हायचे होते. मला वाटे, रोग्याचा हात ती असाच धरील.

पहिल्याच दिवशी बाईंनी वही डोळ्यांजवळ नेली. "अगं, हा ठिपका पाण्यात कसा?"

"बंदर आहे ना बाई ते? बंदर पाण्यातच असतं," शाईताई म्हणाली. "नाहीतर बोटी काय रस्त्यावर लावायच्या?"

वर्ग खो-खो हसला. बाईही हसल्या आणि त्यांना ते पटले. मुलांनी माझी फट सरळ रेघेने जोडून टाकली. मी आतल्या आत ओरडत होतो. पण रबराचा आवाज कोणाला ऐकू येणार? वर्षभर वहीवर, पाटीवर, फळ्यावर बंदर समुद्रातच पडत राहिले.

परीक्षा झाली आणि मी सरांकडे परतलो. नंतर ते पत्र आले. सरांनी ते ओठ हलवत वाचले, म्हणून मलाही कळले. परीक्षेत किनाऱ्याची आकृती विचारली होती. बाईंच्या अख्ख्या वर्गाने बंदर समुद्रात दाखवले, तेही एकाच जागी. एकाची चूक सगळ्यांनी उतरवली, असे म्हणून परीक्षा मंडळाने सर्वांचा निकाल राखून ठेवला होता. बाईंनी लिहिले होते, 'वर्गाच्या वह्या दाखवल्या, तर म्हणतात वह्या मागाहूनही तयार करता येतात. सर, तुमचा शिक्काच चुकीचा उमटतो, एवढं लिहून द्याल का? महिनाअखेर चौकशी आहे. शाईताईचा नर्सिंगचा प्रवेश त्यावरच अडला आहे.'

सरांनी पत्र टेबलावर ठेवले आणि वर मला ठेवले.

त्यांनी मुख्याध्यापकांना विचारले. "लिहून दिलंत, तर पुढचा प्रश्न काय येईल?" मुख्याध्यापक म्हणाले. "तुटका आहे हे माहीत असून दिलात का? मग काय सांगाल? वर आपल्या शाळेचं नाव खराब. निवृत्ती तोंडावर आलीये, सर. सुखानं घरी बसा की."

"हो," सर म्हणाले. आयुष्यभर ते सगळ्यांना हो म्हणत आले होते.

पत्राला आणि मला घेऊन ते घरी गेले. घरी त्यांची थोरली बहीण असते. सर तिला अक्का म्हणतात. रोज चहा झाला की सर कागद घेऊन बसत, 'आदरणीय बाई' असे लिहीत आणि कागद फाडत.

"काय रे, उत्तर लिहितोयस का कागद फाडायचा कारखाना काढलायस?" अक्का म्हणाल्या.

"शब्द नीट जमत नाहीत, अक्का."

"शब्द जमत नाहीत, का छाती होत नाही?"

सरांनी पुढचा कागद ओढला. महिना मात्र सरत होता.

एका दुपारी दारात कोणीतरी उभे राहिले. निळी बोटे पाहून मी ओळखले.

"सर, शिक्का बघायचा होता. एकदाच," शाईताई म्हणाली. अक्कांनी दिलेले पाणी तिने हातात तसेच धरून ठेवले. "वर्गातली मुलं माझ्याशी बोलत नाहीत. बंदर पाण्यात असतं हे मीच सांगितलं होतं ना सगळ्यांना. मग कॉपी मीच पुरवली, असंच झालं. मी मंडळात जाऊन तसं सांगणार आहे. बाकीच्यांचे निकाल तरी लागतील."

"आणि तुझं गं?" अक्कांनी विचारले.

तिने पाणी न पिताच खाली ठेवले.

सरांनी उठून पॅड काढले. मला शाईवर टेकवले आणि कोऱ्या कागदावर दाबले. मी जरा पुसट उमटलो. मग पेन्सिलीने त्यांनी फटीच्या जागी जमिनीचे नाक काढले. ठिपका जमिनीच्या कुशीत आला.

शाईताई बघत राहिली. "इथे जमीन होती?"

"होती. टवका उडालाय. मला माहीत होतं. तुमच्या बाईंना सांगायचं राहून गेलं."

"तुमच्या वर्गातल्या मुलांना माहीत होतं?"

"सगळ्यांना."

तिने मला उचलले, माझ्या फटीवरून बोट फिरवले आणि हलकेच परत ठेवले. आपटले असते तर मला बरे वाटले असते. "मग इतके दिवस...?" असे ती म्हणाली आणि थांबली. वडीलधाऱ्या माणसाला पुढचे कसे विचारावे, ते तिला कळेना.

"तू मंडळात जायचं नाहीस," सर म्हणाले. "जायचं ते मी जाईन. पण आधी लिहितो."

"आता फाडलास तर बघ," अक्का म्हणाल्या.

या वेळी कागद फाटला नाही. शिक्का कधी तुटला, ठाऊक असूनही आपण तो कसा दिला आणि काय सांगायचे राहिले, हे सारे त्यांनी सरळ लिहिले. एक प्रत बाईंना, एक मंडळाला. मंडळाच्या पाकिटाबरोबर त्यांनी मलाही खोक्यात घातले. शाईताई म्हणाली, "माझ्याकडे द्या, मी नेते." सर म्हणाले, "तुझ्या हाती दिलं तर म्हणतील पोरीनं बनवून आणलं. टपालानं जाऊ दे. त्यावर तारीख पडते."

मित्रांनो, तुम्हीही एकमेकांना टिपणे देता, नकाशे देता, जुनी पुस्तके देता. जरूर द्या. न देणाऱ्यापेक्षा देणारा केव्हाही बरा, असे मला अजूनही वाटते. पण देताना त्या वस्तूत काय तुटलेले आहे, कुठले पान गळाले आहे, कुठे चूक आहे, तेही सोबत द्या. लाजेने गिळलेले एक वाक्य दुसऱ्याच्या उत्तरपत्रिकेत जाऊन बसते. आणि वस्तू घेणाऱ्यांनो, ठिपका पाण्यात दिसला, तर हसून सोडून देऊ नका. ज्याच्याकडून आणली त्याला विचारा. मला हे सांगायचा कितपत अधिकार आहे, ते मला ठाऊक नाही. पण माझ्याइतके हे कोणाला कळले असेल?

सर मला घेऊन टपाल कचेरीत पोचेपर्यंत खिडकी बंद व्हायला आली होती.

"आत काय आहे?" कारकुनाने विचारले.

"एक शिक्का."

"फुटण्यासारखं?"

"नाही. फुटायचं ते फुटून झालंय."

कारकुनाने खोके तोलले, पावती फाडली आणि मला बाजूला सारले. "थैली बांधून झाली. उद्याच्या टपालानं जाईल."

"नाही, आजच गेलं पाहिजे!" सर एवढ्या मोठ्याने म्हणाले की मागची माणसे वळून पाहू लागली. "अख्ख्या वर्गाचा निकाल अडलाय त्यावर. उद्या नाही. आज."

कारकून त्यांच्याकडे पाहत राहिला. "सर, मी तुमच्याच वर्गात होतो. तुमचा एवढा आवाज शेवटच्या बाकापर्यंत कधी आला नव्हता." मग तो उठला आणि थैलीची गाठ सोडू लागला. आधी मी आत पडलो, माझ्यामागून बाईंना लिहिलेले उत्तर. गाठ पुन्हा आवळली गेली आणि थैली गाडीत चढली.