खंदकात फेकलेली हंडी

मित्रांनो, मी एक जुनी, फुटलेली हंडी आहे. सातशे वर्षं झाली, तरी माझा राग निवलेला नाही.

सिंगापूरच्या या बेटावर तेव्हा दाट जंगल होतं. नदीजवळ राजाने शिकारीसाठी लाकडी महाल बांधला होता आणि त्याच्याभोवती पाण्याने भरलेला खंदक होता. एका कुंभारणीने तिथल्याच लाल मातीतून मला थापटून थापटून घडवलं. मुदपाकखान्यात मी हरणाचा रस्सा शिजवायचे. कौतुक मात्र हिरव्या चिनी वाडग्यांचं व्हायचं. मिरवायला ते, चटके सोसायला मी. पण त्याचंही मला काही वाटत नव्हतं.

एके दिवशी आचाऱ्याला चुलीपुढे बसल्या बसल्या झोप लागली आणि रस्सा करपला. राजा भुकेला परत येत होता. कोणी बघत नाही असं पाहून आचाऱ्याने मला चुलीच्या दगडावर आपटलं आणि मग सगळ्यांना सांगितलं, "हंडीच तडकलेली होती. रस्सा गळून गेला, म्हणून करपलं." माझे तुकडे खंदकात गेले. बोल लागला तो त्या कुंभारणीलाही. तिच्याकडून पुन्हा कोणी भांडं घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी आचारी खंदकाच्या पाण्यात उतरला, तेव्हा मी त्याची टाच चिरली. फार बरं वाटलं. पण तो लंगडत लंगडत खोटंच सांगत राहिला.

महाल कुजला, खंदक गाळाने भरला, वरून रस्ते गेले. माझ्या पोटातला करपलेला काळा थर मात्र मी जपून ठेवला. तोच माझा पुरावा होता.

२०१५ साली इमारतीच्या कामाआधी तिथे खोदकाम झालं आणि मी वर आले. तुकडे धुवायला स्वयंसेवक होते. त्यांत बेटाच्या उत्तर टोकाच्या सेम्बावांग भागातून येणारी संजीवनी होती. तिचा नवरा जहाजावर इंजिनिअर. तिला मऊ ब्रश दिला होता, पण काळं भांडं तसंच ठेवणं तिच्या जिवावर आलं. तिने पिशवीतून घरचा काथ्या आणि चिंच काढली आणि मला घासायला घेतलं.

"अगं, इथे कोण तपासायला येणार आहे? तुझ्या सासूबाई?" शेजारची नीता म्हणाली.

"असं काळं द्यायला मलाच लाज वाटते," म्हणत संजीवनीने जोर वाढवला.

सातशे वर्षांचा पुरावा चिंचेच्या पाण्यात चालला होता. मी तिचा अंगठा चिरला. जराही दया केली नाही.

तिच्या हातून मी बादलीत पडले. खोदकामाच्या प्रमुख मिस तान धावत आल्या. "नो मोअर स्क्रबिंग, लाह," असं सिंगापुरी ढंगात म्हणत त्यांनी आधी अंगठ्याला पट्टी बांधली. मग मला उचललं आणि इंग्रजीतून सगळं समजावलं. आतून मी अजून काळी होते, पण फुटलेली कड लाल, स्वच्छ होती. आधीच गळत असते तर रस्सा भेगेत शिरून कडही काळी पडली असती. म्हणजे करपले तेव्हा मी धड होते; नंतर कोणीतरी मला फोडलं.

संजीवनी माझ्याकडे बघत राहिली. "मग हिची काही चूकच नव्हती गं," ती नीताला म्हणाली. "हिला घडवणारीचीही नव्हती."

हे ऐकायला कुंभारण हवी होती. आचारी तर हवाच होता. तो सुटला आणि ठणकत होता तो या बिचारीचा अंगठा, याची मला आज लाज वाटते.

मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली तर तिला चकचकीत करायची घाई करू नका. आधी जाणकाराला दाखवा. आणि तुमच्या हातून काही करपलं, तर माझ्याकडून करपलं असं सांगा. त्या आचाऱ्याला मी अजूनही माफ केलेलं नाही.