मागे पडणारं घड्याळ

आमच्या घरी टीव्ही आहे, पण आम्ही बघतो ते घड्याळ. तिकडे लढाई पेटली तेव्हापासून आमच्या जुन्या गावच्या चॅनेलवर कार्यक्रम नाहीत. तिथल्या टीव्ही केंद्राच्या भिंतीवर केंद्राची पाटी, शेजारी घड्याळ, आणि कॅमेरा त्यांच्यावरच रोखून ठेवलेला. दिवसभर तेवढंच दिसतं. दादा त्या केंद्रात कामाला. आम्ही सगळे सीमा ओलांडून इकडे आलो, तो आला नाही. "कुणीतरी चालू ठेवायला पाहिजे ना," म्हणाला. त्याचं बोलणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पुढे फोनही बंद पडले.

ते घड्याळ संध्याकाळपर्यंत दहा-बारा मिनिटं तरी मागे पडतं. दादाला लहानपणापासून आम्ही लेटलतीफ म्हणायचो, त्याला घड्याळही जोडीचंच मिळालं. रोज सकाळी चित्रात एक हात येतो, काटा पुढे सरकवतो आणि जातो. वाकडी करंगळी, दादाचाच हात. तो दिसला की आई चहाचा कप तोंडाला लावते. मला मॅच बघायला मिळत नाही म्हणून मी कुरकुरायचो, पण डोळे माझेही त्या करंगळीवरच असायचे.

परवा सकाळी पडदा काळा. 'सिग्नल नाही.' आईचा चहा गार होऊन गेला. मी गच्चीवर जाऊन डिश गदागदा हलवली, तिला शिव्या घातल्या. बायको खालून ओरडली, "अहो, हलवू नका, आहे तेही जाईल." शेवटी डिशवाल्याला बोलावलं.

त्याने दोन-चार चॅनेल लावून बघितले. सगळे स्वच्छ. मग मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच म्हणाला, "डिश जागेवर आहे. त्या बाजूची केंद्रं एकेक करून बंद पडतायत. नाहीच सापडलं तर आजींना काय सांगायचं, ते ठरवून ठेवा."

ठरवणार काय, डोंबल?

त्याने रिसीव्हरला सगळे चॅनेल नव्याने शोधायला लावलं, पैसे भरून उघडणारे, कुलूप असलेले तेवढे वगळून. नावं एकाखाली एक पडू लागली. व्यायाम शिकवणारे, भांडी विकणारे, कुणाला नको असलेले. कितीतरी नावांमागे नुसता अंधार होता. आई चष्मा लावून प्रत्येक नाव वाचत होती. अगदी तळाशी आमच्या गावचं नाव आलं. त्याने बटण दाबलं. पाटी. घड्याळ.

मला रडू आवरेना. बायकोने आईला मिठीच मारली.

"दुकान तेच आहे आजी, फक्त गाळा बदललाय," डिशवाला म्हणाला. "फ्रिक्वेन्सी बदलली होती."

तिकडची आणि आमची वेळ एकच. घड्याळ अगदी बरोबर होतं. "बघ, दादाने आजच लावलंय," मी म्हणालो. आईने चहा मागितला.

काल सकाळी हात दिसला नाही. वेळ मात्र बरोबर होती. "आपण उठायच्या आत लावून गेला असेल," मी म्हणालो आणि कामावर गेलो. दिवसभर शीळ घालत होतो.

संध्याकाळी आलो तर दिवे लावलेले नव्हते. आई टीव्हीसमोर बसली होती, मांडीवर आमचं गजराचं घड्याळ.

"किती वाजले?" तिने विचारलं.

"सात."

"आणि तिथे?"

मी बघितलं. तिथेही सात. "आत्ताच लावलं असेल त्याने."

"सकाळपासून मी इथून हललेली नाही रे. जेवलेसुद्धा इथेच. कुणाचा हात आला नाही."

मी तिच्याशेजारी बसलो. एकदा मांडीवर बघायचं, एकदा पडद्यावर. एका मिनिटाने तरी मागे पड, मी मनातल्या मनात त्या घड्याळाला विनवत होतो. दोन्ही काटे जोडीने सरकत होते. बायको दारात येऊन उभी राहिली.

"हे नवीन आहे," आई म्हणाली. "केंद्र दुसऱ्यांनी घेतलं. त्यांनी आपलं आणून लावलं."

"आई, अगं दादाने नवीन आणलं असेल."

"लढाईत?"

तिने मांडीवरचं घड्याळ पालथं घातलं आणि रिमोट माझ्या हातात दिला.

"बंद कर," ती म्हणाली. "तो असता तर एव्हाना मागे पडलं असतं."