फळ्याच्या रंगाखालची अक्षरं

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे, आणि खरं सांगायचं तर थकलोय. माझी सगळ्यात लांब पट्टी डाव्या टोकाला दाबली तरच बसते, वायरीला दोन जागी चिकटपट्टी आहे, आणि एका बटणावर तर अक्षरच उरलेलं नाही. तरी सांगतो. म्हातारपणी गप्पांखेरीज दुसरं येतं काय?

माझा जन्म कारखान्यातला. एका सरकत्या पट्ट्यावर आम्ही शे-दोनशे भावंडं ओळीने पडलो होतो. माझ्या बटणांवर मराठी अक्षरं आहेत, आणि ती वरवर छापलेली नाहीत. तापवून प्लास्टिकात मुरवलेली आहेत. तपासणीवाल्याने एका बटणावर नखाने खरवडून पाहिलं आणि मान डोलावली. मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. तेव्हा वाटायचा.

तिथून मी एका टायपिंगच्या क्लासात आलो. जिना चढून गेलं की एकच लांबट खोली, सहा टेबलं, भिंतीवर घड्याळ आणि खिडकीशी बाईंची खुर्ची. बाईंचं नाव कुणी घेत नसे, सगळ्यांच्या त्या बाईच. शिस्त अशी की मुली जिन्यातच बोलणं संपवून वर येत. पहिला महिना अक्षरं बघून टाइप करायला मुभा होती. त्यानंतर बघायचं नाही. पण मान खाली जायचीच हो, माणसाची मानच ती!

म्हणून बाईंनी एक युक्ती काढली. खालच्या मजल्यावर दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक मामा राहत. त्यांच्याकडे शाळेच्या फळ्याचा काळा रंग डब्याच्या तळाशी उरला होता. बाईंनी तो आणला, आणि एका सकाळी माझं एकेक बटण काळं करून टाकलं. दोन हात दिले. एवढी मुरवलेली अक्षरं माझी, सगळी बुडाली. मला काय वाटलं ते कुणी विचारलं नाही.

मग मी क्लासातला मोठा झालो. ज्या मुलीची बोटं तयार झाली तिला माझ्यासमोर बसवत. त्याला ‘काळ्यावर बसणं’ म्हणत. ‘मी काळ्यावर बसले’ असं घरी जाऊन सांगत पोरी. पुढे कचेरीत लागलेली एक जण तर खास मला भेटायला आली होती, आणि जाताना माझ्यावरून हात फिरवून गेली. बाईंची स्वतःची लेक बाराव्या वर्षी काळ्यावर बसली. चुकली की बाई मोठ्याने काही बोलत नसत, नुसत्या बघत. त्या बघण्याची लेकीने जन्मभर धास्ती घेतली. शाबासकी मात्र बाईंच्या तोंडून तिने कधी ऐकली नाही. बाईंना ती देताच येत नसे.

दिवस काय, जातातच. लोक अंगठ्याने फोनवर लिहायला लागले. सहा टेबलांची चार झाली, चाराची दोन, आणि एक दिवस क्लासाला कुलूप लागलं. मला जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून बाईंच्या घरच्या कपाटात ठेवलं. किती वर्षं होतो कुणास ठाऊक. मी मोजायचं सोडून दिलं होतं.

मला बाहेर काढलं ते लेकीने. बाईंना अर्धांगवायू झाला होता. उजवं अंग गेलं आणि जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं कळतंय, शब्दही मनात आहेत, फक्त बाहेर यायला वाट नाही. लेक दिवसभर एका प्रयोगशाळेत रक्ताच्या बाटल्या तपासायची आणि संध्याकाळी घरी येऊन आईचं सगळं करायची. तिने दार उघडलं की बाई डावा हात तिच्याकडे करून काहीतरी म्हणत. रोज तेच, त्याच आवाजात. पाणी हवंय? उशी उंच करू? खिडकी लावू? लेक विचारून विचारून थकायची. कशालाच होकार येत नसे, आणि शेवटी बाई चिडून भिंतीकडे तोंड फिरवत. लेकीच्या मनाने घेतलं की आई रागावते आहे. आपलं काहीतरी चुकतंय, आणि ते काय आहे हेसुद्धा आपल्याला कळत नाही. ती स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडून रडायची.

क ख ग लिहिलेला कागद तिने आणून पाहिला. बाईंनी तो ढकलून दिला. जन्मभर शिकवलेल्या बाईला बालवाडीत कशी बसवणार? मग एकदा लेकीच्या लक्षात आलं की आईची डावी बोटं चादरीवर सारखी हलतायत. ती टाइप करत होती.

अशी मी संगणकाला जोडलो गेलो आणि बाईंचा हात कितीतरी वर्षांनी माझ्यावर आला. बोटं ओळखीची होती, पण हात एकच. आता हे नीट ऐका. माझ्या डाव्या बाजूला काना, मात्रा, वेलांट्या, उकार आणि जेमतेम दोन-तीन अक्षरं आहेत. बाकीची बहुतेक अक्षरं उजव्या हाताची. बाईंनी डाव्या हाताने कधी उजव्याच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. त्यांनी हात तिकडे नेला, खाली पाहिलं, तर सगळं काळं! पडद्यावर नुसत्या वेलांट्या आणि काने उमटले. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. रंग त्यांनीच दिला होता ना!

लेकीने खडूने अक्षरं लिहिली, ती बोट लागताच पुसली. कागदाच्या चिकटवलेल्या चिठ्ठ्या संध्याकाळपर्यंत गळून पडल्या. दुकानदार म्हणाला, मराठी अक्षरांचा कीबोर्ड हल्ली ठेवतच नाही, मागवावा लागेल, कधी येईल सांगता येत नाही. मग तिने रंगच काढायचा ठरवलं. आणि घाई केली. नेलपॉलिश काढायचं पाणी कापसावर घेतलं आणि ‘ल’चं बटण घासलं. रंग निघाला, पण त्याबरोबर प्लास्टिकही विरघळलं. वरचा भाग चिकट झाला, अक्षर फासलं गेलं आणि बोटाचा ठसा तेवढा उरला. दुखलं का म्हणाल, तर दुखलं. पण तिचा चेहरा बघितला आणि मी माझं दुखणं गिळलं.

ते बटण हातात घेऊन ती पाटीवाल्या मामांकडे गेली. मामा आता म्हातारे झाले होते. त्यांनी बटण उजेडात धरलं.

“अगं, हा माझाच रंग,” ते म्हणाले. “चढवताना तुझ्या आईने विचारलं नाही, काढताना तू तरी विचारायचंस. प्लास्टिकला असलं जालीम काही लावतात का? थिनरही लावू नकोस.”

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं, आणि तिने रविवारी तसंच केलं. आधी माझा फोटो काढला, कुठलं बटण कुठे ते विसरू नये म्हणून. वायर काढली. एकेक बटण खालून हलक्या हाताने उचललं आणि साबणाच्या कोमट पाण्यात टाकलं, कढत नव्हे, कढत पाण्याने आम्ही वाकतो. दुपारपर्यंत बटणं भिजली. खिडक्या उघडल्या, गॅस बंद ठेवला, हातमोजे घातले. इंजेक्शनच्या आधी लावतात ते स्पिरिट कापसावर घेऊन आधी एका बिनकामाच्या बटणाच्या आतल्या बाजूला लावून पाहिलं. काही झालं नाही. तेव्हाच पुढचं. कापूस थोडा वेळ दाबून ठेवायचा, मऊ झालेला रंग दात कोरायच्या काडीने सोडवायचा आणि कडा जुन्या टूथब्रशने घासायच्या. जोर लावायचा नाही. निघाला नाही तर पुन्हा भिजवायचं.

फार वेळ लागला. मी दात काढलेल्या म्हाताऱ्यासारखा शेजारी पडून होतो. बाई पलंगावरून बघत होत्या. मधेच त्यांनी डावा हात पुढे केला, तर लेकीने त्यात टूथब्रश दिला. दोघी घासत राहिल्या. एकेक अक्षर वर आलं, जसंच्या तसं. तपासणीवाल्याने मान डोलावली होती ती उगाच नाही.

धुतलेली बटणं बाईंच्या पलंगावर टॉवेलवर सुकायला मांडली. पूर्ण सुकल्याशिवाय बसवायची नाहीत, असं मामांनी बजावलं होतं. ‘ल’चं बटण लेकीने लाजेने बाजूला, बशीत ठेवलं. मग ती पाठ टेकून जमिनीवर बसली आणि तिने डोळे मिटले.

टॉवेलवर खुडखुड झाली. बाईंनी डाव्या हाताने एक बटण ओढलं, मग दुसरं. मग थांबून सगळी बटणं नजरेने चाळली. हवं ते त्यांत नव्हतं. त्यांनी हात बशीकडे नेला आणि ते विद्रूप बटण उचलून ओळीत ठेवलं. सगळी अक्षरं समोर असली की नसलेलं कुठलं, ते कळतंच. मग वेलांटी, मग आणखी एक. आणि त्यांनी लेकीच्या खांद्यावर बोट आपटलं.

लेकीने वळून पाहिलं. ओळीत पाच बटणं होती.

दमलीस.

“रोज हेच म्हणत होतीस?” लेकीने विचारलं.

बाईंनी मान हलवली, हो. लेकीने कपाळ पलंगाच्या कडेला टेकलं. बाईंचा डावा हात तिच्या केसांवर येऊन थांबला, आणि ती तशीच झोपून गेली. बटणं दुसऱ्या दिवशी बसवली.

आता बाई माझ्यावर एका हाताने लिहितात, हळू, चुकत. मी जितकी जमेल तितकी साथ देतो. ‘ल’ बदलून मिळेल का हे लेकीने पाहिलं होतं, पण बाईंनी लिहिलं, असू दे.

मित्रांनो, जुन्या वस्तूवरचा रंग काढाल तर घाई करू नका. आधी आतल्या बाजूला थेंबभर लावून बघा, मग बाकीचं. आणि संध्याकाळी कुणी थकून घरी आलं, तर त्याला ‘दमलास’ किंवा ‘दमलीस’ एवढं म्हणा. तोंडात जीभ चालते आहे तोवरच म्हणून टाका, म्हणजे त्यासाठी कुणाला माझी बटणं उपटावी लागणार नाहीत.